सोमवारी भेटू म्हणाला, आणि भेटलाच नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : शहरातल्या एका खासगी एफएम केंद्रानं सकाळचा निवेदक न सांगता बदलला, त्याबद्दल.

मी राजारामपुरीत डबे देते. बावीस वर्षं झाली. सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या नर्सा, विद्यापीठातली पोरं, दोन-तीन ऑफिसं असे मिळून सध्या पासष्ट डबे आहेत. पहाटे साडेचारला गॅस पेटतो, आणि साडेनऊ वाजेपर्यंत माझे आणि माझ्या हाताखालच्या दोन्ही बायकांचे हात कणकेतून बाहेर येत नाहीत. भिंतीवर घड्याळ आहे, पण वाफेनं त्याची काच पांढरी झालीय आणि स्वयंपाक करताना मी चष्मा लावत नाही. मोबाइलला पिठाचा हात लावला की पोरगा ओरडतो. म्हणून फ्रिजवर रेडिओ ठेवलाय. माझं घड्याळ तेच.

ते घड्याळ कसं चालायचं हे आधी सांगते, म्हणजे माझं दुखणं काय आहे ते कळेल. सातला कार्यक्रम सुरू झाला की चपात्यांची दुसरी चळत पूर्ण झालेली पाहिजे. सव्वासातला तो आधीचा निवेदक पाणी आणि लाइट सांगायचा. आज कुठल्या भागात पाणी येणार नाही, धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाइपलाइन पुन्हा कुठं फुटलीय, कुठं दुरुस्तीसाठी लाइट जाणार. त्याच्या आत भाजी खाली उतरलेली पाहिजे. साडेसातला एक जुनं गाणं लागायचं. गाण्याचं दुसरं कडवं चालू असताना आमचे रिक्षावाले मामा दारात, आणि नर्सांचे डबे रवाना, कारण आठला त्यांची ड्युटी लागते. पावणेआठला तो कपिलतीर्थ मार्केटात वांगी काय भावानं, मेथी काय भावानं ते सांगायचा. उद्याची भाजी मी त्यावर ठरवायची. पाच वर्षांहून जास्त काळ हे असं चाललं. आमच्या घरात त्याला ‘सकाळवाला’ म्हणायचे.

त्याचं नाव मी लिहीत नाही, केंद्राचंही लिहीत नाही. शहरात केंद्रं एकाहून जास्त आहेत, जे ऐकतात त्यांना कळेल. न लिहिण्याचं कारण शेवटी सांगते.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी तो नेहमीसारखा ‘चला, सोमवारी भेटू’ म्हणाला. सोमवारी सातला रेडिओ लावला तर एक मुलगी बोलत होती. मला वाटलं आजारी असेल, घशाचं काहीतरी झालं असेल, बोलून बोलून होतंच. मंगळवारी तीच. बुधवारी तीच. बुधवारी आमच्याकडे अंडाकरीचा डबा असतो, त्या दिवशी जास्तीची धावपळ, तरी मी फोन लावला. लागला नाही. गुरुवारी ती मुलगी म्हणाली, ‘आपल्या या सकाळच्या गप्पांमध्ये तुमचं पुन्हा एकदा स्वागत’. अहो, कुठलं पुन्हा? माझी तर अजून ओळखही झाली नव्हती. आदल्या माणसाचं नाव नाही, आजारी आहे की गेला, काही नाही. जणू त्या खुर्चीत पाच वर्षं कुणी बसलंच नव्हतं.

मग मी चौकशी केली. कशी केली तेही शेवटी येईल. कळलं ते एवढंच की त्याचा करार संपला होता, पुढं वाढवला नाही, आणि शुक्रवारी कार्यक्रम संपल्यावर त्याला ते सांगितलं. शेवटचा कार्यक्रम करू द्यायची पद्धत नाही म्हणे. का, तर जाणारा माणूस माइकवर काय बोलेल सांगता येत नाही.

हे ऐकून मला त्या सोमवारपेक्षा जास्त राग आला. पाच वर्षं रोज चार तास तुम्ही त्याच्या हातात चालू माइक दिला. महापुराच्या आठवड्यात दिला. तेव्हा काय बोलेल याची काळजी नव्हती, आणि ‘येतो, राम राम’ म्हणण्यापुरता पाच मिनिटं देताना काळजी वाटली?

माणूस बदलू नये असं मी म्हणत नाही, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर तुमचे वाचक म्हणतील की म्हातारीला नवं काही चालत नाही. मी लहान असताना कोल्हापुरात रेडिओ म्हणजे आकाशवाणीचं सांगली केंद्र. ते १९६३ साली सुरू झालं. आमच्या वडिलांनी लाकडी खोक्याचा रेडिओ घेतला होता, त्याचं लायसन असायचं, आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरून त्या पुस्तकावर शिक्का मारून आणावा लागायचा. पहाटे ती संकेतधून, मग वंदे मातरम्, मग भक्तिगीतं. सातनंतर पुण्याहून प्रादेशिक बातम्या. त्या बातम्यांना आमच्या आईची पहिली भाकरी तव्यावर पडायची, म्हणजे रेडिओच्या घड्याळावर स्वयंपाक ही माझी एकटीची खोड नाही.

तेव्हाही निवेदक बदलायचे. रोजच बदलायचे. ज्याची ड्युटी तो बोलायचा, बहुतेक वेळा स्वतःचं नावही सांगायचा नाही. आई आवाजावरून ओळखायची, आज बाई आहेत, आज ते खर्जातले आहेत. त्यातलं कोण निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, आम्हाला काही पत्ता नसायचा आणि राग यायचं कारणही नव्हतं. कार्यक्रम केंद्राचा होता. निवेदक दार उघडून द्यायचा आणि बाजूला व्हायचा.

खासगीवाल्यांनी याच्या बरोबर उलटं केलं. त्यांनी माणूसच विकायला काढला. चौकात त्याचा फोटो, दोन मजली घराएवढा. तुमच्या घरातलाच, तुमच्या हक्काचा, असं काय काय त्यावर लिहिलेलं. त्याच्या नावावर जाहिराती घेतल्या. सोन्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला तो, फराळाच्या स्पर्धेला तो, त्याच्याबरोबर फोटो काढायला मावश्यांची रांग. त्या रांगेत मीही उभी होते, खोटं कशाला सांगू. घरातला म्हणून आणून बसवला तुम्हीच. मग घरातला माणूस एका सकाळी दिसेनासा झाला, तर घरातले विचारणार की नाही, कुठं गेला?

आता नव्या मुलीबद्दल. आवाज गोड आहे. वय पंचविशीच्या आतलं असावं. जरा जास्त हसते, पण ते वयानं जाईल. तिच्यावर माझा काडीचा राग नाही, ती नोकरीला आलीय. पण तिला हातात दिलेलं वाचावं लागतं, हे ऐकणाऱ्याला कळतं. कळंब्याला ती ‘कलंबा’ म्हणाली. पापाची तिकटी म्हणताना अडखळली, तेवढं चालायचंच, बाहेरच्या माणसाला ते नाव ऐकून पहिल्यांदा हसूच येतं. शाहू स्टेडियमवर रविवारी मॅच झाली होती, सोमवारी तिनं इंग्लंडातल्या कुठल्यातरी फुटबॉल संघाचं सांगितलं. आमच्याकडे डबा खाणारी पोरं सोमवारी सकाळी आमच्या पाटाकडील तालमीच्या संघाचं काय झालं विचारतात, मँचेस्टरचं नाही. या शहरात फुटबॉलवरून भावाभावांत बोलणं बंद होतं, हे तिला कुणी सांगितलंच नसणार.

आणि मग ती गोष्ट झाली, जिच्यामुळे मी कागद घेऊन बसले. एका कॉलेजच्या मुलीनं फोन केला होता. बोलता बोलता ती म्हणाली, ‘मी रोज ऐकतो की तुमचा कार्यक्रम, ऐकत ऐकतच कॉलेजला जातो.’ निवेदिका हसली आणि म्हणाली, ‘ऐकतो नाही गं, ऐकते! जाते!’ आणि वर तो टाळ्यांचा आवाज लावतात ना, तो लावला.

संपादकसाहेब, आपल्याकडे मुली ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. माझी आई म्हणायची. मी हे पत्र लिहिताना ‘देते’, ‘सांगते’ लिहितेय, कारण शाळेत बाईंनी तसं लिहायला लावलं, पण ओट्यापाशी मी अजून ‘आलो, आलो’ म्हणतो. यात सुधारण्यासारखं काय आहे? ती पोरगी गप्प झाली. ‘हं’ म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्या हाताखालची बाई लाटणं तसंच धरून रेडिओकडे बघत होती. सकाळवाल्याकडे असे फोन रोज यायचे. तोही त्याच भाषेत उत्तर द्यायचा, ‘ये की मग, कुठं अडलंय?’ त्याला ते वेगळं वाटायचंच नाही, कारण त्याच्या घरीही तेच.

हाताखालच्या बाईचं निघालं म्हणून २०१९ चं सांगते. ती नदीकाठच्या चिखली गावची. ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा ती कामासाठी इकडं माझ्याकडे राहिली होती, आणि नवरा, सासू, दोन पोरं तिकडं. बाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून लिहिते, आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी माणसं एकमेकांना दोनच गोष्टी विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पातळी किती, आणि राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले. बंधाऱ्याला ३९ फूट झाले की इशारा, ४३ झाले की धोका. राधानगरीला आपोआप उघडणारे दरवाजे सात, एक उघडला की १,४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत येतं. हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. त्या वर्षी बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली. उपसा केंद्रं बुडाली म्हणून नळाला पाणी नाही, दूध नाही, पेट्रोलला रांगा, लाइट जाऊन-येऊन. त्या बाईच्या घरचे सगळे मोबाइल बंद पडले.

रेडिओत आम्ही सेल घातले. सकाळवाला तेव्हा नवीनच होता, काही महिने झाले असतील. गाणी त्यानं बंदच केली होती. दर अर्ध्या तासाला पातळी, कुठला रस्ता बंद, कुठं बोटी गेल्या. चिखली-आंबेवाडीत बोटी पोचल्या, माणसं बाहेर काढताहेत, असं तो बोलला तेव्हा ही बाई मटकन खाली बसली. नंतर मी केंद्रात फोन केला. म्हटलं, माझ्याकडे दोन सिलिंडर आणि पीठ आहे, पिठलं-भाकरी करून देते, कुणाला पाहिजे विचारा. तो म्हणाला, ‘मावशी, भाकरी तुम्ही करा, माणसं मी सांगतो.’ त्यानं ते रेडिओवरून सांगितलं आणि दुपारपर्यंत माझ्या दारात चार पोरं पिशव्या घेऊन हजर. एकालाही मी ओळखत नव्हते. त्यातला एक आजही माझ्याकडे रोज डबा खातो, लग्न झालं तरी.

बाईच्या घरची माणसं तिसऱ्या दिवशी भेटली. म्हैस गेली.

२०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. पुन्हा सेल, पुन्हा तोच आवाज. त्या वर्षी पातळी सांगताना त्याचा आवाज जरा जरी खाली गेला तरी आम्ही ओळखायचो की वाढलीय. आकडा नंतर यायचा.

माझा पोरगा म्हणतो, आई, तू उगाच डोक्यात घेतेस, मोबाइलवर सगळं येतं. येतं की. मोबाइलवर त्या आठवड्यात धरण फुटल्याचं पण आलं होतं.

याच पोरानं मला आणखी एक गोष्ट शोधून दिली, तीही लिहिते. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. सरकारच्या २०११ च्या धोरणात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा आहे, तेवढीच. पण वाहतूक, हवामान, पाणी, वीज, परीक्षा, स्थानिक खेळ, सण-उत्सव, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याच्या सूचना या गोष्टी बातम्यांत धरत नाहीत, त्या सांगता येतात. म्हणजे बघा, यांना बोलायला जे मोकळं ठेवलंय ते सगळं गावातलंच आहे. आमचं पाणी, आमची लाइट, आमची मॅच, आमचा पूर. आणि त्याच धोरणात एका कंपनीला आपल्या सगळ्या केंद्रांवर एकच कार्यक्रम लावायचीही सोय आहे. आता आमच्या केंद्रावर आठवड्यातले दोन दिवस कार्यक्रम दुसऱ्या शहरात रेकॉर्ड होऊन येतो, असं कळलं. एका मंगळवारी इथं पाऊस धो धो कोसळत होता आणि रेडिओवर ‘काय छान ऊन पडलंय’ चाललं होतं, त्याचा उलगडा तेव्हा झाला.

२०२३ च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग बंद करायचं ठरलं होतं. पुण्याच्या सकाळच्या बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायच्या, असं. लोकांनी ओरड केली, पेपरांनी लावून धरलं आणि तो निर्णय थांबला. ते सरकारचं केंद्र होतं म्हणून ओरडायला जागा होती. इथं कुणाला ओरडायचं? केंद्राच्या फोनवर गाणं वाजतं आणि एक नंबर दाबा, दोन नंबर दाबा. म्हणून तुमच्याकडे आले.

आता माझाच एक गुन्हा कबूल करते. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे भाजी करणारी एक बाई होती, हाताला फार चव. ती मुलीच्या बाळंतपणासाठी गावी गेली ती आलीच नाही. दुसरी बाई ठेवली. गिऱ्हाइकांना काही सांगितलं नाही, म्हटलं मसाला माझाच आहे, कांदा-लसूण चटणी माझीच आहे, कुणाला कळतंय? दोन दिवसांत अकरा फोन. मावशी, आमटीला काय झालं? मावशी, बरं नाही का तुम्हाला? एकानं तर विचारलं, मावशी, धंदा दुसऱ्याला दिला का? दोन डबे बंद झाले. तिसऱ्या दिवशी मी पोराकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि प्रत्येक डब्यात चपातीखाली एक ठेवली. अमक्या मावशी गावी गेल्या, त्यांनी सगळ्यांना नमस्कार सांगितलाय, आता नवीन ताई आहेत, चार दिवस सांभाळून घ्या, मीठ कमी-जास्त झालं तर फोन करा. फोन आले, पण ते वेगळे होते. जुनीची चौकशी केली, नवीला शिकवलं. एका नर्सनं तर नवीला पंधरा दिवस रोज चिठ्ठी पाठवली, आज हळद जास्त, आज बरोबर. आज ती बाई पहिलीपेक्षा बरी आमटी करते.

केंद्रवाल्यांनी एवढंच करायला हवं होतं. त्याला बोलावून पाच मिनिटं द्यायची. शेजारी त्या मुलीला बसवायचं. त्यानं म्हणायचं, ही नवीन आलीय, हिला कळंबा म्हणायला शिकवा. आम्ही शिकवलं असतं. आणि त्याच्या हातात माइक द्यायची तुम्हाला एवढी भीती वाटत असेल, तर आदल्या दिवशी रेकॉर्ड करून, कापूनछाटून लावायचं. तुमच्याकडे ती यंत्रं आहेतच, उन्हाच्या दिवशी वापरता तीच.

अजूनही वेळ गेलेली नाही असं मला वाटतं. पोराला वाटतं की गेलीय.

आता नाव न लिहिण्याचं कारण. त्या केंद्रातली दोन मुलं माझ्याकडचा डबा खातात. एक तांत्रिक बाजू बघतो, दुसरा जाहिराती आणतो. चौकशी मी त्यांच्याकडेच केली, आणि त्यांनी बोलावं म्हणून त्या दिवशी डब्यात दोन पुरणपोळ्या जास्त घातल्या. त्यांच्या नोकरीला माझ्या पत्राची झळ नको, म्हणून माझंही नाव छापू नये ही विनंती.

केंद्राला एकच विचारायचं आहे, तेवढं तुमच्या अंकातून पोचवावं. पावसाळा तोंडावर आलाय. राजाराम बंधाऱ्याची पातळी नव्या कार्यक्रमात किती वाजता सांगणार? आणि ज्या दोन दिवशी कार्यक्रम बाहेरून येतो, त्या दिवशी ती कोण सांगणार? सव्वासातला सांगणार असाल तर ठीक. वेळ बदलणार असाल तर आठवडाभर आधी कळवा, मला नर्सांचे डबे त्याप्रमाणे पुढं-मागं करावे लागतील.

आपली,
डबेवाली मावशी
राजारामपुरी, कोल्हापूर

ता. क. : सकाळवाला हे वाचत असेल तर त्याला निरोप. चिखलीच्या बाईंनी नवीन म्हैस घेतली. तुला सांगायचं राहून गेलं होतं, सोमवारी फोन करणार होतो.